कपभर तेल, वर्षाचा गहू

एप्रिल लागला की मला एका जागी बसवत नाही. ऊन हे नुसतं निमित्त, खरं कारण गहू. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत गच्चीवर काही वाळत घालायला बंदी आहे, सोलरची पॅनलं बसवलीत ना! पण पलीकडच्या बंगल्यातल्या काकू अजून चादरी पसरून गहू वाळवतात, आणि मी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीतून दुसऱ्याच्या गव्हाकडे बघत उभी राहते. एरंडेलाचा वास इथवर येणं शक्य नाही, तरी मला तो येतो. लहानपणी गव्हाला एरंडेल चोळलं की हात दोन-दोन दिवस बुळबुळीत असायचे, वह्यांना डाग पडायचे, आणि कुरकुर केली की आई म्हणायची, "पडू देत डाग. वर्षाची काळजी मिटली की नाही?"

वर्षाची काळजी. आमच्याकडे काळजीसुद्धा वर्षाच्या मापाने करायची रीत होती. चैत्र-वैशाखात घरात पाय ठेवायला जागा नसे. पत्र्याची कोठी धुऊन उन्हात उपडी घातलेली, बाजेवर मिरच्या, जुन्या साड्यांवर कुरडया, आणि मधूनच कडुलिंबाच्या पाल्याचा उग्र वास. कोठी भरून झाकण लागलं की आई त्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहायची आणि मोठा श्वास सोडायची. भरलेली कोठी म्हणजे घर नीट चाललंय, इतकं साधं गणित. ते गणित माझ्या हाडात मुरलंय, अजून निघालेलं नाही.

यंदा मात्र त्या गव्हाने मला सुखाने चहासुद्धा पिऊ दिला नाही. निफाडकडून सोमनाथचा फोन आला. सोमनाथ माझा मामेभाऊ. आईचा वर्षाचा गहू त्याच्याच शेतातून येतो, पूर्वी मामा घेऊन यायचा, आता हा आणतो.

"ताई, आत्या गव्हाला नाय म्हनली."

"म्हणजे कमी सांगितला का?"

"नाय नाय, बिलकूलच नको म्हनली. मी म्हनलं अर्धं पोतं टाकून जातो, तर म्हनली, नको रे बाबा, हेलपाटा घालू नको. लय वर्सांत पयल्यांदा आसं झालं. काय बिनसलंय का तिचं? माझं काय चुकलं आसंल तर सांग बाई."

त्याचं काही चुकलं नव्हतं.  बाबा गेल्यापासून आई नाशिकरोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहते. बाबांनी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करून ते घर घेतलं, तिने ते लावलं. माझा धाकटा भाऊ प्रसाद बंगलोरला असतो आणि दोन वर्षं तिच्या मागे लागलाय, माझ्याकडे चल म्हणून. ती ठाम नाही म्हणते. "मला इथून हलवू नका. मी कोणाला त्रास देत नाहीये," एवढंच तिचं उत्तर. शेवटी मागच्या महिन्यात प्रसाद मला म्हणाला, "ताई, तू तिथे आहेस. तू नीट बघून मला खरं काय ते सांग. तिला एकटीला जमतंय का? जमत नसेल तर पावसाच्या आत मी येऊन घेऊन जातो, मग ती रडो नाहीतर भांडो." म्हणजे आईचं घर राहणार की सुटणार, हे माझ्या तोंडून जे निघेल त्यावर आलं. आणि नेमका तेव्हा हा गव्हाचा फोन.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणे. मला सेरेकुंडा आठवलं.

आता सेरेकुंडा कुठे, असं विचाराल. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा एवढासा देश आहे, एका नदीचे दोन काठ आणि थोडा समुद्रकिनारा, बस्स. नकाशात दाखवायला गेलं तर बोटाखाली झाकून जातो. तिथलं सगळ्यात गजबजलेलं शहर म्हणजे सेरेकुंडा. माझा नवरा अविनाश तिथे एका भारतीय शेठच्या कंपनीत गोदाम सांभाळायचा. तांदूळ, साखर, तेल, टोमॅटोची पेस्ट, सगळं बोटीने यायचं आणि गावभर जायचं. आम्ही तिथे काही वर्षं काढली, पण मला विचाराल तर मी तिथे एकच पावसाळा राहिले. ज्या पावसाळ्यात तबास्की आली, तो. तबास्की म्हणजे आपली बकरी ईद.

शेठला त्या वर्षी एका गोष्टीने हैराण केलं होतं. तेलाचा पाच लिटरचा कॅन स्वस्तात लावला तरी खपत नव्हता, आणि तेच तेल टपरीवर कपाने विकलं जायचं, महाग. "भाभी, आप घरमें बैठके बोअर होती हो," शेठ म्हणाला, "जरा घराघरांत जाऊन बघा ना, या बायका खरेदी करतात तरी कशी." मी काय, एका पायावर तयार. मी नाशिकची. महिन्याचा किराणा आणि वर्षाची साठवण म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं. मनात म्हटलं, या बायकांना दोन गोष्टी समजावून येऊ. किती तो शहाणपणा!

बरोबर फातूला घेतलं. फातू आमची शेजारीण, माझ्याच वयाची, इंग्रजी फर्डं, आवाज असा की रस्त्याच्या टोकाला ऐकू जावा. ती मला आधी "मॅडम" म्हणायची, मग दोन-चार दिवसांत "सिस" म्हणायला लागली. तिच्या आवाराला पत्र्याचं फाटक होतं, आत वाळूचं अंगण, मधे आंबा, आणि सभोवती चार बिऱ्हाडं, सगळी नवऱ्याकडची माणसं. पहिल्याच दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने डबे शोधायला लागले. डबेच नाहीत! कोपऱ्यात तांदळाचं पोतं, तेवढं नवरा महिन्याला आणून टाकायचा. बाकी एक पातेलं, एक उखळ, मिठाची बरणी. मसाला नाही, तेल नाही, एक कांदासुद्धा नाही.

"फातू, बाकीचं सामान कुठे ठेवतेस?"

तिने फाटकाबाहेरच्या टपरीकडे हात केला. "जालोकडे. तो सांभाळतो आमचं."

मग मी जालोच्या टपरीसमोर बाकडं टाकून बसायला लागले. स्वयंपाकाच्या वेळी एकेक घर तिथे येई. कपभर तेल, पिशवीत ओतून गाठ मारलेलं. टोमॅटोची पेस्ट चमच्याने, कागदावर. मिरपूड चिमटीने पुडीत. लसणाच्या पाकळ्या, अख्खा गड्डा नव्हे, पाकळ्या. वीजसुद्धा तशीच, विकत घेतलेला नंबर मीटरमध्ये घालून आजच्यापुरती. पावसाने रस्त्याचं तळं झालेलं, बायका झगे गुडघ्यापर्यंत उचलून येत, भरपूर बोलत, एकमेकींच्या पिशव्यांत डोकावून बघत, आणि आपली गाठ मारलेली तेलाची पिशवी बोटावर लटकवून परत जात. ती पिवळी, हलणारी पिशवी मला अजून दिसते. तेव्हा मात्र मला ते बघून कसंतरी व्हायचं. गरिबी, दुसरं काय, असं मी मनात लिहून टाकलं होतं.

आणि कांदा! कांद्यावरून तर माझं डोकंच फिरलं. लाल जाळीच्या पोत्यांतून तिथे कांदा यायचा तो कुठला, तर हॉलंडचा. मी लासलगावच्या कांद्यावर वाढलेली बाई, मला हॉलंडचा कांदा खायला लागावा? पिवळट, पाणचट, चिरताना डोळ्यात पाणी नाही की काही नाही. मी फातूला म्हटलं, हा कांदाच नव्हे. ती म्हणाली, "मग तुमचा घेऊन ये, आम्ही खाऊन बघतो." मी शेठच्या मागे लागले, नाशिकचा कांदा आणा म्हणून. शेठ म्हणाला, भाभी, तुम्ही तेलाचं बघा. आता हसू येतं, तेव्हा फार झोंबलं होतं.

हे सगळं मला नाशिकरोडला जाताना, द्वारका चौकातल्या सिग्नलला स्कूटरवर उन्हात भाजत असताना आठवत होतं. सोमनाथच्या फोननंतर मला घरात राहवेना. आईकडे पोचले तेव्हा ती आंघोळीला गेली होती. मी सरळ स्वयंपाकघरात घुसले आणि एकेक झाकण उघडत सुटले. तुरीची डाळ मूठभर. साखर तळाला. तेलाची लहानशी बाटली, तीही अर्धी. पोह्यांचा डबा रिकामा, धुऊन उपडा घातलेला. आणि ती कोठी, जिच्यात मी लहानपणी लपायचे, ती पुसून कोरडी केलेली, आत जुन्या पिशव्या.  हे आईचं स्वयंपाकघर? जिच्या घरातून अख्खी बिल्डिंग वाटीभर साखर न्यायची तिचं?

पैशाचं म्हणावं तर पेन्शन येते, त्यात तिचं भागून उरतं. मग विसरते का? की बाहेरून आणणं होत नाही, गुडघे दुखतात आणि सांगत नाही? पण खरी भीती याहून निराळी होती आणि ती मला नीट शब्दांत मांडवतही नव्हती. वर्षाचा गहू भरणं म्हणजे पुढचं वर्ष आपलं आहे असं धरून चालणं. आईने पुढचं वर्ष सोडून दिलं की काय, असं मला वाटलं. 

"बघून झाले डबे?" मागून आवाज आला. आई केस पुसत दारात उभी. "झाले असतील तर चहा टाक."

"आई, घरात काही नाहीये गं."

"आहे की. आजचं आहे."

"आणि उद्याचं?"

"उद्या आणेन. संपेल तसं आणते खालून. एकटीला लागतं किती?" आणि मग माझ्याकडे तिरकं बघून, "प्रसादने पाठवलं ना तुला? बघून ये म्हणून?"

मी चहा टाकला. साखर खरवडून काढावी लागली. परतीच्या वाटेवर मला स्वतःचाच राग येत होता, तिचाही येत होता, आणि प्रसादला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आमच्या घरी आल्यावर मी उगाच कपाटं आवरायला काढली. अविनाश म्हणाला, "अगं, बस की जरा." बसवत असतं तर बसले नसते का?

सेरेकुंड्यात मला निदान विचारता तरी यायचं. फातूला मी काहीही विचारायचे आणि ती काहीही उत्तर द्यायची. तिचा नवरा मोदू शिंपी होता. रोज सकाळी कामाला जाताना तो तिच्या हातावर त्या दिवसाच्या कालवणाचे पैसे ठेवायचा. त्याला तिथे सगळे 'फिश मनी' म्हणत, मासळीचे पैसे. घरोघरी तीच रीत. नवऱ्याने ते ठेवले की बाई बाजारात निघाली, मान वर. नाही ठेवले तर दुपारपर्यंत सगळ्या आवाराला कळलेलं. त्या पैशांतून मासे, भाजी, कपभर तेल, आणि त्यातूनच चिमटीने बाजूला काढून भिशी. हो, तिथेही भिशी असते, तिला ते ओसुसु म्हणतात. मी ऐकलं तेव्हा फातूला टाळीच दिली.

शेठने एकदा जाहिरात म्हणून काही घरांना पाच लिटरचा कॅन फुकट वाटला. फातूलाही मिळाला. मी खूश, म्हटलं आता बघा कसा महिनाभर पुरतो. तिसऱ्या दिवशी गेले तर कॅन रिकामा, अंगणात पोरं त्याचा ढोल करून बडवतायत. आणि फातू माझ्यावर जी भडकली!

"सिस, तुझ्या त्या कॅनने माझं वाटोळं केलं! घरात तेल दिसल्यावर नणंद मागायला आली, तिला नाही म्हणू? जावेला नाही म्हणू? समोरच्या म्हातारीला? कपभर असतं तर सांगता येतं, बाई, माझंच एवढंसं आहे. पाच लिटर असल्यावर काय सांगू? आणि मोदू! मोदू म्हणतो, घरात तेल आहे, तांदूळ आहे, मग आज फिश मनी कशाला? दोन दिवस माझ्या हातावर काही ठेवलं नाही त्याने. माझ्या भिशीचं काय? आणि मी बाजारात गेले नाही ते वेगळंच!"

"पण तेल तर फुकट होतं ना!"

"फुकट?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तूच घेऊन जा तुझं फुकट."

मी शेठला काय सांगणार होते? सांगितलं, कॅन विकू नका, कप विका. शेठला वाटलं भाभी बिघडल्या. पण माझ्या डोक्यात तेव्हा कुठेतरी उजेड पडला होता. घरात काय नाही हे बघून त्या घराचं काही कळत नाही. ते का नाही, हे विचारावं लागतं.

मग तबास्की जवळ आली आणि मी जे काही शिकले होते तेही उलटंपालटं झालं. लसणाच्या पाकळ्या मोजून घेणारी तीच घरं मेंढा घ्यायला निघाली. रस्त्यात मेंढे, टॅक्सीच्या टपावर मेंढे, समुद्रावर मेंढ्यांना आंघोळी. मोदूच्या मशीनची खडखड थांबेना, त्याच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, दारात कपड्यांचे ढीग. एकेका घरातल्या बायका एकाच कापडाचे झगे शिवत होत्या. पाऊस कोसळतोय, गिऱ्हाइकं ओरडतायत, आणि फातू त्या चिखलातून माझा हात धरून मला ओढत नेतेय, हे बघ, ते बघ. मी कुरकुरले, "रोज कपभर तेल, आणि आज हा खर्च?" ती थांबली. म्हणाली, "रोज मी माझ्यासाठी विकत घेते. आज मी सगळ्यांसाठी घेते." आणि पुढे चालायला लागली.

ईदच्या दिवशी घरोघर मटणाचे वाटे फिरले. मी खात नाही हे फातूला ठाऊक होतं. दुपारी तिची मुलगी झाकलेलं ताट घेऊन आली. उघडून बघते तर निखाऱ्यावर भाजलेले कांदे, तिखट-मीठ लावून. हॉलंडचेच. मी ते सगळे खाल्ले, आणि खाताना मला रडू आलं. घराची आठवण आली असणार, दुसरं काय.

आता माझं गंगापूर रोडचं घर बघा. माझ्याकडे तरी कुठे महिन्याचा किराणा येतो? मोबाईलवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी, दोन लिंबं, दह्याची वाटी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. समोरच्या फ्लॅटमध्ये तसंच, वरच्या मजल्यावर तसंच. आम्ही गाडीवाली, फ्लॅटवाली माणसं सेरेकुंड्यासारखी कपाकपाने घ्यायला लागलो आणि कोणी आम्हाला गरीब म्हणत नाही. फरक एवढाच की आमची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातात. कोणी आणली, तोंड दिसत नाही. मी काय घेतलं, का घेतलं, परवा घेतलं नाही ते का, कोणाला पत्ता नाही. मला हे सोयीचंच वाटत आलंय, खोटं कशाला बोलू.

फातूला मी मधूनमधून आवाज रेकॉर्ड करून पाठवते. त्या अस्वस्थ आठवड्यात मी तिला आईचं सगळं सांगितलं. तिचं उत्तर आलं, तोच आवाज, रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा. "सिस, माझ्याकडे आता फ्रीज आला! मोठा! मुलीने घेऊन दिला, ती हॉटेलात नोकरीला लागली. आता मी मासे आठवड्याचे आणते. सगळ्यांकडे आलेत फ्रीज. पण खरं सांगू? आता बाजारातलं मला सगळं शिळं कळतं. कोण आजारी, कोण बाळंत झाली, कोण गेलं. परवा एक मैत्रीण वारली, मला चौथ्या दिवशी कळलं." आणि शेवटी, "तुझ्या आईला माझा सलाम सांग." मी ते दोनदा ऐकलं. फातू फ्रीजचं सांगतेय, मी आईचं विचारलं होतं, असं म्हणून फोन ठेवून दिला.

आणि रविवारी प्रसादचा फोन. "ताई, काय ठरलं? मी तिकिटं बघतोय."

"थांब दोन दिवस."

"तू सारखं थांबच म्हणतेस. व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागे फडताळ दिसलं मला, रिकामं होतं. ती खाते तरी का काही?"

बस्स, तिथे माझं टाळकं सरकलं. म्हटलं, याला रिकामं फडताळ दिसतंय काय? दाखवतेच भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजार गाठला. गहू दळून आणलेला, डाळी, तांदूळ, तेलाचा कॅन (हो, पाच लिटरचा!), गूळ, शेंगदाणे, पोहे, साबण, मेथीच्या जुड्या, आलं, लिंबं. रिक्षा केली. सेरेकुंड्यात घराघरांत बसून जे शिकले होते ते नाशिकरोडला पोचेपर्यंत साफ धुऊन गेलं होतं. माझ्या डोक्यात एकच, डबे भरायचे, प्रसादला फोन लावायचा, आणि म्हणायचं, बघ, घर कसं चाललंय. आईचं घर वाचवायचा माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

दोन खेपांत सगळं वर चढवलं. आई कापडी पिशवी हातात घेऊन, चपला घालून बाहेर निघायच्या तयारीत होती. माझ्या पिशव्या बघून तिचा चेहराच उतरला. मला वाटलं होतं खूश होईल.

"हे काय आणलंस?"

"बस तू. मी भरते डबे."

"मंजू, हात लावू नको डब्यांना."

"अगं, पण..."

"हे सगळं परत ने."

"आई, ऐक तरी! प्रसाद तिकिटं काढतोय. त्याला वाटतं तुझं खाण्यापिण्याचं काही खरं नाही. एकदा हे डबे भरलेले दिसले की..."

"मी तुझ्याकडे मागितलं होतं?" तिचा आवाज चढला. आईचा सहसा चढत नाही. "मला भरून नकोय. किती वेळा सांगू? सोमनाथला सांगितलं, तुला सांगते. तेल तर आधी उचल ते."

"पण का? कारण सांग ना काहीतरी!"

ती कारण सांगेना. मी डबा काढला की ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवी. मीही पेटले. दोघी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पिशव्यांमधून एकमेकींच्या आडव्या येत भांडत होतो. मी नको ते बोलले. तुला काही लक्षात राहत नाही म्हणाले, तुझी हौसच संपली म्हणाले. तिने पदराने कपाळ पुसलं. बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा, लगेच दुसऱ्यांदा, मग दारावर थाप.

मी दार उघडलं. दारात एक बाई, तिशी-पस्तिशीची, धापा टाकत, हाताला पीठ लागलेलं, केस सुटलेले. मी तिला ओळखत नव्हते. तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "काकू? काकू कुठेयत?"

"आहे गं वैशाली, आहे," आई पुढे आली. "ही खालच्या दुकानातली वैशाली. आणि ही माझी लेक."

"अगं बाई!" तिने छातीवर हात ठेवला. पिठाचा पंजा ड्रेसवर उमटला. "किती घाबरवलंत काकू! ऊन एवढं वर आलं तरी खाली आला नाहीत. यांना म्हटलं दुकान बघा, मी वर पळते. ताई आल्यात होय, मग बरोबर." ती माझ्याकडे बघून हसली. "मागं ताप आलेला ना काकूंना, तेव्हा पण अशीच आले होते. तुम्हाला बोलल्या असतील."

मला कोणी काही बोललं नव्हतं.

"येते मी, गिऱ्हाईक आहे. काकू, आज काय, डाळ संपली म्हणाला होतात ना?"

"हो. येतेच मी."

ती धाडधाड जिना उतरून गेली. मी वळले. आई मागे होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही, हातातल्या पिशवीची घडी नीट करत राहिली.

"ताप आला होता, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेऊन गेला असता तो."

मग म्हणाली, "तू आठवड्याने येतेस. तो दिवाळीला येतो. मी तक्रार करत नाही, तुमचे संसार आहेत. पण वर्षाचा गहू भरला तर मला वर्षभर खाली जायचं कारण नाही, मंजू. आणि मी खाली गेले नाही हे कोणाला कळायचं कारण नाही. म्हणून म्हणते, माझ्या घरात रोज काहीतरी संपलेलं असू दे."

मला रडू आलं, आणि रडले. तिने डोळे वगैरे पुसले नाहीत माझे. "ते आलं राहू दे," म्हणाली, "आलं महाग झालंय," आणि चपला सरकवून जिन्याकडे गेली. कठड्याला धरून, एकेक पायरी, सावकाश. मी वरून बघत होते. खालून वैशालीचा आवाज आला, "आल्या का काकू?" आणि आईचा, "आले, आले."

आलं ठेवून बाकी सगळ्या पिशव्या मी पुन्हा रिक्षात भरल्या. रिक्षातूनच प्रसादला फोन लावला.

"तिकीट काढू नकोस," मी म्हटलं.

"नीट बघितलंस का तू? ताई, उद्या तिला काही झालं तर? कोण आहे तिथे तिला बघायला?"

"आहे," मी म्हटलं. "रोज बघतात तिला. आपण नाही, एवढंच."